अर्थची पिन कापू नका!

"सर, गाताना माइकला ओठ लागले की मुंगी चावल्यासारखे होते. माइक खराब झाला असेल का?"

प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर बारावीच्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. मुलगा बदलापूरजवळच्या एका गावचा. दिवसा कॉलेज आणि लग्नसराईत रात्री बँजो पार्टीत गाणे व कीबोर्ड (त्याच्या भाषेत 'केसिओ') असा त्याचा क्रम. मी त्याला उलट विचारले, "तुमच्या मशीनची अर्थची पिन जागेवर आहे ना?"

तो हसला. "ती केव्हाच कापली, सर. अर्थ जोडला की मशीन घुमते."

विद्यार्थी मित्रहो, या एका वाक्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. कारण हे वाक्य त्या एकट्या मुलाचे नाही. उल्हासनगरपासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात वर्षभर कोठे ना कोठे मंडप उभा असतोच. आगरी-कोळी घरांतली हळद बँजोशिवाय होत नाही. उल्हासनगरात चेटीचंडला झुलेलालाची मिरवणूक निघते, अंबरनाथला इ. स. १०६० च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेल्या शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीची जत्रा भरते आणि गणपतीत तर गल्लोगल्ली गाणेबजावणे चालते. या सर्व ठिकाणी वाजवणारी मुले बहुधा सोळा ते पंचवीस वयाची असतात. म्हणजे आज तुमच्या वर्गात बसणारी, किंवा काल बसत होती ती.

(जाता जाता सांगतो, आपला हा 'बँजो' म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. ते बुलबुलतरंगाचे विजेवर चालणारे रूप आहे आणि बुलबुलतरंगाचा पूर्वज म्हणजे १९१२ साली जपानात नागोया येथे तयार झालेले 'ताइशोगोतो' हे वाद्य. टंकलेखन यंत्रासारखी बटणे त्याला तेथेच लागली.)

त्या मुलाबरोबर मी एका रविवारी त्यांच्या सरावाच्या खोलीवर गेलो. बरोबर मल्टिमीटर नेला होता. दोन मशीन दोन वेगळ्या बोर्डांवर लावलेली होती. एकाची अर्थची पिन मुळापासून कापलेली. दुसऱ्याची पिन शाबूत होती, परंतु ज्या सॉकेटमध्ये ती बसत होती त्या सॉकेटमागे भूसंपर्क तार कोठेच जोडलेली नव्हती. पिन होती आणि अर्थ नव्हता! माइकची जाळी आणि खोलीबाहेरच्या नळाचा लोखंडी पाइप यांच्यामध्ये मीटरने १०८ व्होल्ट दाखवले. मशीन तर उत्तम चालत होते. मग हे १०८ व्होल्ट आले कोठून?

आजकालच्या मिक्सर, कीबोर्ड यांसारख्या उपकरणांच्या वीजपुरवठ्यात नको असलेली उच्च वारंवारतेची कुरबूर गाळण्यासाठी दोन लहान धारित्रे बसवलेली असतात. एक वीजयुक्त तारेपासून पत्र्याच्या पेटीपर्यंत आणि दुसरे तटस्थ तारेपासून त्याच पेटीपर्यंत. पेटी जमिनीला जोडलेली असेल तर त्यांतून येणारी अगदी क्षीण धारा जमिनीत निघून जाते. जोडलेली नसेल तर ही दोन सारखी धारित्रे २३० व्होल्टची बरोबर मधोमध वाटणी करतात आणि पेटी सुमारे ११५ व्होल्टवर लटकत राहते. पेटीला केबलचे बाहेरचे वेष्टन जोडलेले असते, आणि वेष्टनाला माइकची जाळी. गिटारच्या तारासुद्धा याच वाटेने पेटीला जोडलेल्या असतात.

या धारेने माणूस मरत नाही. हिशेब करून पाहा. धारित्र ४.७ नॅनोफॅरड धरले, तर २३० × २ × ३.१४ × ५० × ४.७ × १०⁻⁹, म्हणजे सुमारे ०.३४ मिलिअँपिअर. परंतु अर्थ नसलेल्या एकाच बोर्डावर अशी सहा उपकरणे लावली, तर सहाही जणांची गळती एकत्र येऊन दोन मिलिअँपिअर होते, आणि एक मिलिअँपिअरपासून पुढे माणसाला झिणझिण्या जाणवू लागतात. ओठ ओले असतात, त्यांची कातडी पातळ असते, म्हणून ते आधी सांगतात. वादक मंडळी याला 'करंट मारतो' म्हणतात, माइकवर रुमाल बांधतात आणि पुढचे गाणे सुरू करतात.

खरा धोका यानंतरचा आहे. समजा, सहा उपकरणांपैकी एकाच्या आत तार सुटली आणि पत्र्याला टेकली. अर्थ शाबूत असता तर मोठी धारा जमिनीकडे वाहून फ्यूज उडाला असता आणि कार्यक्रम दहा मिनिटे थांबला असता. अर्थ नसल्यामुळे काहीच घडत नाही. मशीन वाजतच राहते! उलट बोर्डातली ती भूसंपर्काची पट्टी, जी जमिनीला जोडलेलीच नाही, ती आता एकाचा दोष इमानेइतबारे इतर पाचांना पोचवते. बिघाड केसिओमध्ये आणि २३० व्होल्ट मात्र गायकाच्या माइकवर. सुरक्षेसाठी घातलेली तार अर्धवट जोडली तर ती अशी उलटते, हे पाठ्यपुस्तकात सहसा लिहिलेले नसते.

ओल्या कातडीच्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला जातो. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ही 'सोडता येण्याची मर्यादा' अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजली होती. पुरुषांच्या बाबतीत ती सरासरी १६ मिलिअँपिअर भरली. पन्नास ते शंभरच्या पुढे हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरू लागते. वादकाच्या बाबतीत तर एक हात वाद्याच्या तारांवर आणि दुसरा हात किंवा ओठ माइकवर असतात. धारेला छातीतून जाणारा इतका सरळ रस्ता दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळत असेल, असे मला वाटत नाही.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक, नीट अर्थ न केलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. 'यार्डबर्ड्स' या गाजलेल्या वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली घरी गिटार वाजवत असताना असाच गेला. ते नामांकित होते म्हणून त्यांची नोंद राहिली. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांवर मृत्यू नोंदले जातात. त्यांत हातात वाद्य असलेले किती, हे कोणी वेगळे मोजत नाही.

आता त्या मुलाच्या तक्रारीकडे येऊ. कारण ती खोटी नव्हती. अर्थ जोडल्यावर मशीन खरोखरच घुमते! "अर्थ काढू नका" एवढेच सांगून आपण मास्तर लोक मोकळे होतो आणि घुमण्याचे काय करायचे ते सांगत नाही. मग पोरे पक्कड उचलतात.

घुमण्याचे कारण असे. बँजोचे मशीन घराच्या सॉकेटवर आणि मिक्सर मंडपाच्या बोर्डावर, असे दोन ठिकाणी जोडले की दोघांचे अर्थही दोन ठिकाणचे होतात. दोन्ही ठिकाणची जमीन तंतोतंत एकाच विभवावर नसते. थोडासा, म्हणजे दशांश व्होल्टाचा फरक असतो. या दोन मशीनना जोडणाऱ्या केबलच्या वेष्टनातून त्या फरकामुळे ५० हर्ट्झची धारा फिरू लागते. एक बंद कडेच तयार होते म्हणा ना. माइककडून येणारा संदेश काही मिलिव्होल्टांचा असतो. त्याच्या शेजारी दशांश व्होल्ट म्हणजे सनईशेजारी भोंगा. अर्थची पिन कापली की कडे तुटते आणि आवाज बंद होतो, हे खरे आहे. परंतु कडे तोडायला दुसरी जागा आहे. सर्व वाद्ये, मिक्सर आणि मशीन एकाच मुख्य बोर्डावर घ्यावी म्हणजे अर्थ एकच राहतो आणि कडे तयारच होत नाही. अंतर फार असेल आणि ते जमत नसेल, तर संदेशाच्या वाटेवर छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा. बाजारात तो 'डीआय बॉक्स' या नावाने मिळतो. त्यात गाणे चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते आणि दोन्ही बाजूंची वेष्टने वेगळी ठेवता येतात. तोडायची ती संदेशाची वाट, विजेच्या पुरवठ्याचा अर्थ कधीच नव्हे. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब व जाड का केली आहे? घालताना तिने सर्वांत आधी टेकावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे म्हणून. ज्यांनी एवढा विचार केला त्यांच्या पिनेवर आपण करवत चालवतो.

"आमच्या बोर्डावर फ्यूज आहे, एमसीबी आहे," असे मंडळाचे लोक अभिमानाने सांगतात. असायलाच हवे. पण ते तारा जळू नयेत म्हणून आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने माणसातून जाणारे २३० मिलिअँपिअर म्हणजे एखाद्या ५० वॅटच्या दिव्याइतका किरकोळ भार आहे. तो कशाला पडेल?

माणसासाठी वेगळे साधन आहे. वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. आपण गळतीरोधक म्हणू. त्याची रचना दहावीच्या विद्यार्थ्याला सहज कळेल अशी आहे. वीजयुक्त आणि तटस्थ या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. जेवढी धारा एकीतून जाते तेवढीच दुसरीतून परत येते, त्यामुळे दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात आणि कड्यात काही उरत नाही. परंतु थोडी धारा एखाद्याच्या शरीरातून जमिनीकडे निसटली, तर जाणे आणि येणे सारखे राहत नाही. कड्यात क्षेत्र उरते, त्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात विभव निर्माण होते आणि कळ खाली पडते. यावर ३० मिलिअँपिअर हा आकडा छापलेला पाहून घ्यावा. हृदय विस्कळीत व्हायच्या आत, सेकंदाच्या लहानशा अंशात, ते पुरवठा तोडते. वर उल्लेखिलेल्या डालझील यांनीच १९६१ साली अमेरिकेत या तत्त्वावरचे साधन पुढे आणले.

आपल्या भागात हे साधन आणखी एका कारणाने लागते. ते कारण म्हणजे काळा खडक. ज्या बेसॉल्टातून अंबरनाथचे मंदिर घडले तोच आपल्या पायाखाली आहे आणि मंडपाजवळ ठोकलेली अर्थची सळई कित्येकदा दीड-दोन फुटांवर खडकाला लागते. भाद्रपदात माती भिजलेली तरी असते. महाशिवरात्रीला किंवा वैशाखातल्या हळदीला ती कोरडी ठणठणीत असते. अशा सळईचा रोध प्रयत्न करून १० ओहमवर आणला, असे समजू. पत्र्याला वीज लागली तर धारा २३ अँपिअर होईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने लगेच पडत नाही. तो कित्येक मिनिटे, प्रसंगी तासभरही, तग धरील आणि तोपर्यंत मशीनचा पत्रा जवळजवळ पूर्ण दाबाखाली राहील. याउलट गळतीरोधक असेल तर सळईचा रोध १०० ओहम असूनही २.३ अँपिअर धारा वाहते, आणि त्याला तर ३० मिलिअँपिअर पुरेत. सळई ठोकायची, तिच्याभोवती पाणी घालायचे, आणि त्याबरोबर गळतीरोधक लावायचा. यांतले एकच करून भागत नाही.

गळतीरोधकाची एक मर्यादा सांगतो, म्हणजे कोणी त्याला मंतरलेला ताईत समजणार नाही. कोणी वीजयुक्त आणि तटस्थ अशा दोन्ही तारा एकदम पकडल्या आणि त्याचा जमिनीशी संबंध नसला, तर साधनाला तो माणूस म्हणजे एक दिवाच वाटतो. शिवाय त्यावर 'टेस्ट'चे बटण असते. ते अधूनमधून दाबून कळ पडते की नाही हे पाहिले नाही, तर ऐन वेळी ती अडकून बसण्याची शक्यता असते.

माणसाबद्दल बोललो. यंत्रांबद्दलही थोडे बोलू, कारण कर्ज काढून घेतलेला मिक्सर जळाला तर त्या पोरांचा सबंध हंगाम बुडतो. मंडपात बहुधा तीन फेजचा पुरवठा येतो. रोषणाई एका फेजवर आणि वाद्ये दुसऱ्या फेजवर, तटस्थ तार मात्र दोघांची एकच. ती तार सैल होऊन सुटली तर काय होईल? रोषणाई आणि वाद्ये एकसर जोडणीत येतात आणि त्या जोडीवर ४०० व्होल्ट पडतात. रोषणाई २००० वॅटची आणि वाद्ये २०० वॅटची धरा. अंदाजापुरते दोघांनाही साधे रोध माना. रोषणाईचा रोध सुमारे २६ ओहम, वाद्यांचा सुमारे २६४. दाबाची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते, म्हणून वाद्यांच्या वाट्याला जवळजवळ ३६४ व्होल्ट येतात. ज्याचा भार कमी तो आधी जळतो. 'अचानक व्होल्टेज वाढले' असे म्हणून लोक वीज कंपनीला बोल लावतात. पण तटस्थ तारेचा पीळ मारलेला तो सांधा मंडपातच, आपल्याच बोर्डामागे असतो. तटस्थ तारेला पक्की क्लेम्प हवी आणि मुख्य बोर्डावर दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले हवा. काही हुशार लोक प्लगमध्येच अर्थची पिन तटस्थ पिनेला जोडून 'अर्थ तयार' करतात. अशा वेळी तटस्थ तार सुटली की तोच अर्थ पत्र्यावर २३० व्होल्ट आणून ठेवतो.

मिरवणुकीच्या टेंपोवरील जनित्राचे शास्त्र वेगळे आहे. तेथे एक टोक जनित्राच्या सांगाड्याला जोडल्याशिवाय गळतीरोधक काम करत नाही, म्हणून ती जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. आणि टेंपोवर चढणाऱ्यांनी आधी वर पाहावे. एप्रिल २०२३ मध्ये विरारला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत गाडीवरचा लोखंडी दांडा विजेच्या यंत्रणेला लागून दोन तरुण गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधील हाजीपूर येथे कावडयात्रेकरूंची ध्वनियंत्रणेची गाडी ११,००० व्होल्टच्या तारेला लागली आणि किमान आठ जण मृत्युमुखी पडले. त्या दाबापुढे वर सांगितलेले कोणतेही साधन उपयोगी नाही. तेथे फक्त अंतर उपयोगी.

आता माझे मत सांगतो, आणि ते काहींना रुचणार नाही. या सगळ्याची जबाबदारी आपण वाजवणाऱ्यांवर आणि त्यांच्या ओळखीच्या वायरमनवर ढकलतो. ती जबाबदारी सुपारी देणाऱ्याची असली पाहिजे. मंडप त्याचा, जागा त्याची, वीज त्याची. बँजो पार्टी येते, समोर दिसेल त्या सॉकेटमध्ये प्लग घालते आणि पहाटे निघून जाते. त्या सॉकेटमागे काय आहे हे तिने कसे ओळखावे? महावितरणकडून उत्सवासाठी तात्पुरती अधिकृत जोडणी मिळते. ती न घेता शेजारच्या घरातून किंवा थेट खांबावरून आकडा टाकून वीज घेणाऱ्या यजमानाकडे वाजवायला नकार देण्याचा हक्क वादकांना आहे, आणि तो त्यांनी बजावावा. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक साधारण दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर येतो. एका रात्रीच्या सुपारीच्या मानाने हा खर्च काय आहे? कमानीवरच्या दिव्यांना याहून अधिक लागतात. "इतकी वर्षे काही झाले नाही" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. अर्थ तुटतो तेव्हा आवाज होत नाही, दिवा विझत नाही, गाणे थांबत नाही. तो तुटलेला असतो आणि दुसऱ्या बिघाडाची वाट पाहत असतो. काही न झाल्याची वर्षे मोजून त्याचा पत्ता लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेचे स्नेहसंमेलन हाही एक मंडपच असतो. तेथील बोर्डावर गळतीरोधक आहे का, अर्थ मापून घेतला आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या आणि तपासणीच्या वेळी नववी-दहावीच्या मुलांना चार पावले लांब उभे करून दाखवा. 'विद्युतधारेचे परिणाम' हे प्रकरण त्या अर्ध्या तासात जेवढे कळेल तेवढे फळ्यावर कळत नाही. मुलांनी मात्र स्वतः बोर्ड उघडायचा नाही, आणि साध्या टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थ आहे असेही समजायचे नाही. टेस्टर अर्थाबद्दल काहीच सांगत नाही. आणि कोणाला धक्का बसून तो चिकटला, तर त्याला हात लावण्यापूर्वी मुख्य कळ बंद करायची. ती कोठे आहे हे कार्यक्रमाच्या आधीच सर्वांना ठाऊक हवे.

त्या मुलाच्या पार्टीने दिवाळीनंतर स्वतःचा एक बोर्ड करून घेतला. लाकडी पेटी, आत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक, दाबाचा रिले, आठ सॉकेट आणि जाड तीन पदरी केबल. वायरमन गावातलाच, परवानाधारक. बोर्ड प्रथमच जोडला तेव्हा कळ ताबडतोब पडली. पुन्हा वर केली, पुन्हा पडली. सगळे म्हणू लागले, साधनच खराब आहे. एकेक उपकरण काढत गेलो, तेव्हा बासच्या जुन्या मशीनशी येऊन थांबलो. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची वीज पत्र्यात गळत होती. ते मशीन त्यांनी चार वर्षे वाजवले होते.

कापलेली पिनही बदलली. सर्व काही एका बोर्डावर आल्यावर घुमणे जवळजवळ गेले. अजून थोडे येते ते बँजोच्या केबलमुळे, तिचे वेष्टन जॅकपाशी तुटले आहे. रविवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचे ठरले आहे.